मेला बैल चारा खाय

तळणखेड,
७ सप्टेंबर २०२५

भागवत,

माझा फोन तू उचलत नाहीस. संस्कृतीच्या फोनवरून लावला, तर तिनं "मामा" म्हणताच कापलास. टपालाचं तसं नसतं. ते दारात येऊन पडतं आणि फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. म्हणून लिहिते आहे.

तुझा जेवणाचा डबा माझ्याकडेच राहिला. तुझे पावसाळी बूटही इथेच दारामागे आहेत. मेळघाटात आपल्यापेक्षा पाऊस जास्त असतो म्हणतात आणि तू चपलेवर गेलास.

मंगरूळपीरचा जनावरांचा डॉक्टर, तुझा मित्र प्रसेनजित मला म्हणाला, की लम्पीच्या लसीकरणाला तिकडे माणसं हवी होती आणि तू आपणहून नाव दिलंस. मला सांगितलं नाहीस. माझ्याच गावच्या जनावरांच्या दवाखान्यात तुझी नेमणूक झाली तेव्हा मी गावभर पेढे वाटले होते. इतके महिने माझ्या हातचं जेवलास आणि जाताना निरोप शेजारणीकडून पाठवलास. राग येणार नाही का मला?

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. भाऊजींनी भर पोळ्यात तुझी अब्रू घेतली आणि ताई नुसती पाहत राहिली, असंच ना? तर ऐक, नुसती पाहत नव्हते. हसले. तूही ते पाहिलंस. आता माझ्या जागेवरून काय दिसलं तेही ऐकून घे, कारण त्या दिवसापासून तू तुझं सांगितलं नाहीस आणि माझं ऐकलं नाहीस.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर तुझं शिबिर होतं. भाऊसिंगच्या लाल्याचं शिंग तडकलं होतं आणि तो कोणाला हात लावू देत नव्हता. तू त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलंस. लाल्या बसला, मग आडवा झाला, मग जीभ बाहेर आली. तू छातीला नळी लावलीस, नाकाशी हात धरलास, डोळ्याला बोट लावून पाहिलंस. लहानपणी ताप चढला की व्हायचा तसा तुझा चेहरा झाला होता. मग तू म्हणालास, "गेला."

पुढचं तुला सगळं माहीत आहे. पण तू आधी लाल्यापाशी होतास, मग खड्ड्यात, म्हणून काही गोष्टी दिसल्या नसतील.

भाऊसिंगच्या बायकोनं हंबरडा फोडला. आम्ही बाया हळदकुंकू घेऊन धावलो. कोणी हार घातला, कोणी पांढरं कापड टाकलं. नाल्याच्या कामावरचा जेसीबी जवळच होता, त्यानं तिथल्या पडीक जागेत खड्डा खणला. तू त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून भाऊसिंगला सांगत होतास, "काका, पंचनाम्यात मी खरं लिहीन. डोस माह्याकडून जास्त झाला." आणि लाल्यानं कान हलवला. मग मान वर केली. मग उठला की रे! पाठीवर कफन, गळ्यात हार. तू दचकून मागे सरलास आणि धपकन खड्ड्यात गेलास. लाल्या मात्र कोणाकडे न बघता आपल्या गोठ्याकडे निघाला, हाराची फुलं चघळत.

भागवत, मी तेव्हा हसले. आत्ता लिहितानाही हसू येतं आहे, आणि येतं म्हणून स्वतःचाच राग येतो आहे. काय करू? ते होतंच हसण्यासारखं. बैल जगला याचा आनंदही त्यात होता. पण तू गुडघाभर चिखलानं वर आलास आणि न हसणारा एक तरी चेहरा कुठे आहे का ते शोधायला लागलास. सगळ्यांत आधी माझ्याकडे पाहिलंस. तेवढं आठवलं की हसू तिथेच थांबतं.

तिथवर तू सोसलंस. दुसऱ्या दिवशी कामावरही गेलास. मग पोळा आला. आपल्या कारंज्याकडे पोळ्याला बैल सजवतात, मिरवतात आणि घरी आणतात. या गावात झडत्या होतात. तोरणाखाली बैल उभे राहिले की एकानं मोठ्यानं गावातल्या एकेकाच्या वर्षभराच्या फजित्या गाण्यात म्हणायच्या, बाकीच्यांनी हर हर महादेव करायचं, आणि ज्याच्यावर झडती झाली त्यानंही हसायचं. म्हणणारे कायम तुझे भाऊजी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून सरपंच सुटला नाही, गुरुजी सुटले नाहीत, माझ्या करपलेल्या पुरणपोळ्याही सुटल्या नाहीत. तुझ्यावर झडती होणार हे मला कळायला हवं होतं. तुला आधी सांगून ठेवायला हवं होतं. नाही सुचलं.

उत्तर दे. दोन ओळी लिही. नाहीतर नुसता कोरा कागद पाठव, म्हणजे पत्र पोचलं ते तरी कळेल.

तुझी
ताई


तळणखेड,
५ ऑक्टोबर

भागवत,

कोरा कागदही आला नाही.

दसऱ्याला संस्कृती घरी आली होती. तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू आहे. सोनं वाटून झालं, जेवणं झाली आणि बापलेकीत जुंपली. ती म्हणाली, "बाबा, वॉर्डात माह्या हातून चूक झाली आन् कोनं त्याचं गानं केलं, तं मी पुन्हा सुई हातात धरीन का? तुमी मामाच्या कामावर हासले. कामावर हासत नसतेत."

भाऊजी तुझे चिडले नाहीत. त्यांना वाद घालायला आवडतं, तुला माहीतच आहे. म्हणाले, "पोरी, झडतीत आलं म्हंजे मिटलं. तोंडावर हासून मोकळं व्हाचं. ज्याच्यावर झडती होत नाई ना, त्याच्याबद्दल लोकं पाठीमांगं बोलतेत. वरसानुवरसं बोलतेत. माह्यावर कमी हासले का लोकं? मी गेलो का पळून?"

"तुमी सोताच म्हनता झडती. तुमच्यावर कोन म्हनन?" संस्कृती म्हणाली.

मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "भाऊसिंग तक्रार देनार होता. तालुक्याले जानार होता. पोळ्यात झडती झाली, तो पोट धरून हासला आन् तक्रार राह्यली. म्या वाचवली तुह्या मामाची नोकरी. कोनी इचारते का मले?"

संस्कृती ताटं उचलायला लागली. मीही. आणि तुला खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान भागवतच्या भल्यासाठी तरी झालं. मला दोन्हीकडचं पटतं आणि त्यामुळे मी कोणाच्याच कामाची राहत नाही. तिनं बोललेलं ऐकलं की वाटतं ती खरी, ह्यांनी बोललेलं ऐकलं की वाटतं हेही काही दुष्ट नाहीत. दुष्ट नाहीतच रे ते. तुझ्या टायफॉइडमध्ये दवाखान्यात तुझ्या उशाशी कोण बसलं होतं?

पण मिटलं म्हणतात, ते मिटलेलं नाही. माझ्या अंगणवाडीत पोरांनी नवा खेळ काढला आहे. एक पोरगं आडवं होतं, दुसरं त्याच्या छातीवर कान ठेवून "गेला" म्हणतं, मग आडवं झालेलं उठतं आणि छातीवर कान ठेवणारं धपकन पडतं. सगळी मिळून भाऊजींच्या झडतीतल्या ओळी ओरडतात,

मेला बैल चारा खाय,
जित्ता डाक्टर खड्ड्यात जाय!

चार-चार वर्षांची पोरं. त्यांना डॉक्टर कोण, बैल कोण, काही माहीत नाही. मी रागावले तर बाहेर पटांगणात जाऊन खेळायला लागली. आता त्यांना काय सांगू, की हा तुमच्या बाईचा भाऊ आहे?

तू जायच्या आधीच्या आठवड्यातलंही मला कळलं. तू मला सांगितलं नाहीस, शेजारच्या रीतानं सांगितलं. तिचं वासरू आजारी पडलं तेव्हा तू त्याच्याजवळही गेला नाहीस. लांबूनच म्हणालास, "वाशीमले न्या." तिनं हातापाया पडून सांगितलं, भाऊ, एकदा हात लावून पाहा. तू पिशवी उघडली नाहीस. वासरू वाटेतच गेलं. रीता तुला शिव्या देत नव्हती. म्हणत होती, "त्याइनं दोन्ही हात पाठीमांगं धरले होते, ताई. मले वासराआधी त्याइचीच काळजी वाटली."

प्रसेनजित सांगत होता, की तू साहेबांकडे अर्ज केला आहेस. मला टेबलाचं काम द्या, जनावराचं नको. खरं आहे का हे? लहानपणी गाय व्यायची असली की तू शाळा बुडवून गोठ्यात बसायचास. आई म्हणायची, ह्याला माणसापेक्षा ढोरांचं जास्त समजतं. असा तू टेबलावर बसून शिक्के मारशील? मला ते चित्र डोळ्यासमोर आणता येत नाही.

अर्ज मागे घे. माझ्यावर राग धर, भाऊजींवर धर, पण हे करू नको.

ताई


तळणखेड,
२४ ऑक्टोबर

भागवत,

काल भाऊबीज होती. तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी पाट मांडला. दिवेलागणीला शेवटची बस येऊन गेली. मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. बीजेची कोर, ती तरी किती वेळ थांबणार? मी ताट फिरवेपर्यंत लिंबाच्या मागे गेली.

तुझे भाऊजी ओट्यावर बसून पाहत होते. एरवी काहीतरी बोलले असते. चंद्रावरसुद्धा त्यांच्याकडे दोन ओळी तयार असतात. काल काही बोलले नाहीत, कारण दुपारी भाऊसिंग येऊन गेला होता.

भाऊसिंग दिवाळीचा फराळ घेऊन आला होता. लाल्या मजेत आहे, शिंग बरं झालं, त्यानं स्वतःहून सांगितलं. तुझी चौकशी केली. मी सहज म्हणून गेले, "भाऊ, तुमी तक्रार दिली नाई, हे लई उपकार झाले."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तक्रार? कोनावर? बाई, मी कायले तक्रार करू? पोरगा खड्ड्याकाठी उभा राहून सोताच्या तोंडानं चूक कबूल करून राह्यला होता. सरकारी मानसाच्या तोंडून असं कवा आयकलं का तुमी? माह्या मनात तक्रार आलीच नवती. मी तं पोळ्यात बी हासलो ते सगळे हासले म्हनून. त्याचं तोंड पाह्यलं आन् मंग हासलो नाई."

हे तिथेच बसले होते, हातात करंजी. ती खाली ठेवली आणि गोठ्यात निघून गेले. शिपाई आणि पाटील, आपल्या दोन्ही बैलांना वैरण घालायची वेळ झाली नव्हती, तरी घालत बसले. तुला वाटेल, बरं झालं, खोटं पकडलं गेलं. पण ते खोटं बोलले नव्हते रे. त्यांना खरंच वाटत होतं की झडतीनं तुला वाचवलं. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, त्यांनी आपल्या मनानंच धरलं होतं आणि त्याच भरवशावर इतके दिवस निवांत झोपत होते.

जेवताना मी म्हटलं, "एक फोन लावा त्याला. तुमच्या नंबरावरून. उचलेल न उचलेल."

तर म्हणाले, "काय म्हनू? 'हासलो, माफ कर' म्हनू? मंग आजवर ज्याच्या-ज्याच्यावर झडती म्हनली त्या समद्यायची माफी मांगू का? सरपंचापासून धरू, का तुह्या करपल्या पुरनपोळ्यायपासून?"

आणि मी हसले, भागवत. पुन्हा. ते असं बोलतात की हसू येतंच. तेही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. तुझ्यासाठी केलेलं पंचपक्वान्न आज अंगणवाडीच्या पोरांना वाटलं.

प्रसेनजित म्हणतो, तुझा अर्ज वर गेला आहे. आता मी कोणाला विनवू? साहेब माझं ऐकणार नाही, तू ऐकत नाहीस आणि घरात जो आहे त्याला माफीचा शब्द येत नाही. त्याला यमक येतं, माफी येत नाही.

ताई


तळणखेड,
६ नोव्हेंबर

भागवत,

आपला शिपाई गेला. हे पत्र तुला मिळेल तेव्हा त्याला पुरून बरेच दिवस झालेले असतील. तरी सगळं लिहिते, कारण तुझ्याशिवाय हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

परवा अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. दुपारी शिपाईनं दावं तोडलं आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत दाण्याच्या ढिगात तोंड घातलं. वर भरपूर पाणी प्याला. थोड्या वेळात त्याची डावी कूस फुगायला लागली. गोडं तेल पाजलं, फिरवलं, तोंडात काठी दिली. ज्यानं जे सांगितलं ते केलं. दवाखान्याला कुलूप आहे, तू गेल्यापासून कोणी आलेलं नाही.

ह्यांनी फोन काढला आणि स्वतः तुझा नंबर लावला. मी काही म्हटलं नव्हतं. बंद लागला. पुन्हा लावला. मग कापसाच्या शेतात पळत गेले, तिथं रेंज चांगली येते म्हणून, आणि तिथून लावत राहिले. अंगणातून मला ते दिसत होते, एक हात कानाशी, दुसऱ्या हातानं उगीच कोणाला तरी बोलावल्यासारखं करणारे. परत आले तोवर शिपाई आडवा झाला होता. थोड्या वेळानं श्वास थांबला.

मी म्हटलं, "गेला हो." तर माझ्या अंगावर ओरडले, "तुले काय समजते? भागवतनं बी असंच म्हनलं होतं! लाल्या उठला का नाई?"

आणि तिथेच बसले, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

संध्याकाळी प्रसेनजित आला. मीच बोलावलं होतं. त्यानं नळी लावली, डोळे पाहिले आणि हळू आवाजात सांगितलं की काका, नाही राहिला. त्यालाही तेच म्हणाले, "त्यानं बी नळी लावली होती." प्रसेनजित बाजूला जाऊन उभा राहिला. लोक जमले होते. काल सकाळीही हे जागचे हलेनात. जेसीबीवाला येऊन उभा, खड्डा झालेला, उन्हं चढायला लागलेली आणि हे म्हणतात, भागवत येईन, तो 'गेला' म्हनन, मंग उचला.

मी कानात सांगितलं, "भागवत नाही येणार. त्याला माहीतही नाही."

ते उठले. वाटलं, समजलं. पण त्यांनी हिरव्या चाऱ्याची पेंढी आणली, शिपाईच्या तोंडासमोर ठेवली, खाली वाकले आणि म्हणाले,

"मेला बैल चारा खाय."

बस, एवढंच. गाण्यात नाही, हेल नाही. कोणी लेकराला घास देताना बोलावं तसं. पुन्हा म्हणाले. आणि मागून एक पोरगं हसलं, माझ्याच अंगणवाडीतलं, आणि मोठ्यानं पुढची ओळ म्हणालं. त्याला वाटलं खेळ आहे. त्याच्यावर दोघं-तिघं हसले, मग आणखी काही जण. वाईट मनानं नाही. ज्या गावाला त्यांनीच इतकी वर्षं हसायला शिकवलं ते गाव हसलं.

मी मात्र हसले नाही. ह्यांनी वळून पाहिलं आणि चेहरे शोधायला लागले, अगदी तू शोधले होतेस तसे. मला आधी पाहिलं. मी हसत नव्हते, पण त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही. तो चेहरा पाहवला नाही मला. भाऊसिंग पुढे आला, त्यांना धरून बाजूला नेलं आणि शिपाईला उचललं.

आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले तर ओट्यावरून म्हणाले, "त्याले माह्याकडून लिही."

मला वाटलं, आता तरी म्हणतील. पेन धरून बसले. त्यांनी शिपाईचं तुटलेलं दावं गुंडाळून ठेवलं. मग म्हणाले, "लिही, पोळ्याले ये. मी आता झडती म्हननार नाई. तू म्हन, माह्यावर. शिपाईची म्हन, चाऱ्याची म्हन."

मी म्हटलं, "त्याला कुठं येते झडती? तो चारचौघात उभा राहायला तयार नाही."

"येत नाई तं नको म्हनू म्हनाव. नुसता येऊन माह्याजवळ उभा राह्य म्हनाव, तोरनाखाली. हासू दे मंग लोकायले, दोघायवर."

ही माफी आहे की नाही, मला ठरवता येत नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. पोळ्याला अजून खूप दिवस आहेत आणि तोवर तुझा टेबलाचा हुकूम निघालेला असेल. पाटील एकटा दावणीला उभा आहे, दोन दिवस त्यानं चाऱ्याला तोंड लावलेलं नाही. हे त्याच्याजवळ बसून आहेत आणि मला विचारतात, ह्याला काय झालं आहे. मला काय समजणार? तू असतास तर हात लावून सांगितलं असतंस.

ताई